नेव्हिल हार्करचे तीन तास

"गप बसा रे सगळे! नावं वाचतोय तो!" असं ओरडून मॉरीनने कॅन्टीनच्या खिडकीतल्या रेडिओचा कान पिळला आणि चहाच्या मगांचा खडखडाट थांबला.

दर मंगळवारी दुपारी रेडिओवर नवी यादी वाचली जायची. देशभरच्या दुकानांत आठवडाभरात कुठलं गाणं किती खपलं, त्यावरून गाण्यांचे नंबर लागायचे. एरवी इंग्लंडमधल्या हल शहरातल्या त्या कारखान्यात या यादीकडे पोरीबाळींखेरीज कोणी लक्ष देत नसे. सुट्टीत गाडीमागे जोडून समुद्रावर न्यायची चाकांची घरं तिथे बनत. पत्रा, प्लायवूड आणि गोंद यांच्यात दिवस काढणाऱ्या माणसांना गाणं चोविसावं की चाळिसावं, याचं काय होय? पण एक्याऐंशी सालच्या त्या वसंतात चित्र पालटलं होतं. यादीत ज्या बँडचं नाव होतं, त्यातला एकजण रोज या कामगारांच्याच टेबलावर डबा उघडत होता.

"...आणि भराभर वर चढत या आठवड्यात चोविसाव्या जागेवर आलेत, वेदर क्लार्क्स!"

"चोवीस!" मॉरीनने नेव्हिलच्या पाठीत असा गुद्दा घातला की त्याचा चहा सँडविचवर सांडला. "काय रे ढोलकीवाल्या, आता ओळख तरी ठेवशील का आमची?"

"चोविसावा म्हणजे तेवीस जणांनी धुतलंय त्याला," फोरमन स्टॅन कावूड म्हणाला. "आमच्या शाळेत चोविसाव्याला छडी मिळायची."

"तुझा आला होता का कधी चोविसावा, स्टॅन?"

"कसा येणार बये? वर्गात बावीसच पोरं होती."

सगळे हसले. नेव्हिलही हसला. मग रेडिओवर गाणं लागलं आणि माणसं चमच्यांनी टेबलं बडवायला लागली. त्या गाण्यात मधोमध एक जागा होती. सगळी वाद्यं एकदम थांबायची आणि ढोल तेवढा एकटा, जिन्यावरून बादली घरंगळावी तसा खाली यायचा. लोकांना ती जागा फार आवडायची. स्टॅनसारख्या रुक्ष माणसानेसुद्धा ती टेबलावर वाजवली आणि नेव्हिलकडे बघून डोळा मारला.

नेव्हिल ओलं सँडविच खात राहिला. ती जागा त्याने जन्मात कधी वाजवली नव्हती.

त्याआधीच्या हिवाळ्यात रजा काढून तो बँडबरोबर रेकॉर्डसाठी लंडनला गेला होता. गाणं ध्वनिमुद्रित करून घेणारा पेल नावाचा माणूस मोठा गोड बोलायचा. "तुझा हात छान आहे नेव्हिल," तो म्हणाला होता, "पण तुझा ठोका श्वास घेतो. कडवं संपत आलं की त्याला घाई होते." नेव्हिलने पुन्हा वाजवलं, पुन्हा पुन्हा वाजवलं. रजा संपली तसा तो परत आला. पुढे रेकॉर्ड बाजारात आली. त्याने ती आणून घरी लावली आणि पहिल्या चार ठोक्यांतच त्याला कळलं. घरात कोणी नसताना परका माणूस शिरून आपल्या खुर्चीत बसावा, तसं काहीतरी त्याला वाटलं. पण तो माणूसही नव्हता. ते यंत्र होतं. बटण दाबलं की ठोके देत राहायचं. ना पुढे, ना मागे, ना श्वास.

कव्हरवर मात्र नाव त्याचंच होतं. आईने ते कव्हर शेगडीवरच्या फळीवर, नवऱ्याच्या फोटोशेजारी उभं करून ठेवलं होतं.

नेव्हिलने कोणाला विचारलं नाही. बँडचा गायक ग्लेन हा त्याचा शाळेपासूनचा मित्र. त्याला विचारता आलं असतं. पण विचारलं की उत्तर येतं, आणि उत्तर आलं की त्याचं काहीतरी करावं लागतं.

"नेव्हिल! फोन!" ऑफिसातून कोणीतरी हाक मारली.

फोनवर बँडचा मॅनेजर कॅरो होता. तो नेहमीच धावत असल्यासारखा बोलायचा. "ऐक. गुरुवारच्या टीव्ही कार्यक्रमात घेतलंय आपल्याला. उद्या पहाटेची गाडी पकड. सकाळी स्टुडिओत वाजवायचं, संध्याकाळी कार्यक्रमाचं चित्रण."

"स्टुडिओत कशाला?"

"अरे, नियम आहे ना. रेकॉर्ड तशीच लावू देत नाहीत टीव्हीवर. वादकांच्या संघटनेचं म्हणणं, रेकॉर्डच वाजवायची तर त्यांनी खायचं काय? म्हणून तीन तासांत गाणं नव्याने वाजवून द्यायचं आणि तेच कार्यक्रमात लावायचं. संघटनेचा माणूस समोर बसून बघतो."

"म्हणजे मी वाजवायचं?"

"मग काय तुझ्या फोरमनने? ढोलाच्या काड्या विसरू नकोस."

फोन ठेवल्यावरही नेव्हिलचा हात बराच वेळ फोनवरच राहिला. गुरुवारी संध्याकाळी तो कार्यक्रम लागला की सगळा देश टीव्हीसमोर बसायचा. आणि या वेळी जे वाजेल ते त्याचं असणार होतं. त्याचं स्वतःचं.

---

"ही पॅटी संपव, मग बॅग भर," आई म्हणाली. बटाट्याच्या पॅटीवर तिने जादा व्हिनेगर मारलं होतं. त्याला तसंच आवडायचं.

आयव्ही हार्करला संगीतातलं फारसं कळत नव्हतं. माशांना धुरी द्यायच्या कारखान्यात तिची हयात गेली होती. चॅपलमधली भजनं सोडली तर तिला कुठलंच वाजवणं ठाऊक नव्हतं. ज्या गुत्त्यांत बँड वाजवायचा तिथे ती पाऊल टाकत नसे. "तिथे बिअरचा वास आणि नुसता गोंगाट," ती म्हणायची. घरं एकाला एक चिकटलेली, म्हणून नेव्हिल घरी सराव करायचा तो उशांवर. वर्षानुवर्षं तिने मुलाचं वाजवणं ऐकलं होतं ते म्हणजे माळ्यावरून येणारं धप-धप. गादी झटकावी तसं.

मग रेकॉर्ड आली. तेव्हापासून ती शेजारीपाजारी सांगत सुटली होती, "आत्ता कुठे कळलं मला, पोरगं वर काय करत होतं ते!"

"आई," नेव्हिल म्हणाला, "गुरुवारी जरा नीट ऐकशील?"

"म्हणजे काय! मिसेस पिकरिंगकडे रंगीत टीव्ही आहे, सगळी गल्ली जमणार आहे तिथे. मी तर पुढचीच खुर्ची धरणार."

"तसं नाही. म्हणजे... बघू नकोस. ऐक. डोळे मिटून ऐकलंस तरी चालेल."

"वा रे वा! रंगीत टीव्हीसमोर डोळे मिटून बसू? पिकरिंगबाईला वाटेल, बया गचकली." मग त्याच्या तोंडाकडे पाहून ती थांबली. त्याच्या लाल शर्टावर फिरणारी इस्त्री तिने बाजूला ठेवली. "बरं बाबा. कान देऊन ऐकेन. झालं?"

"झालं."

त्याला तिला सगळं सांगावंसं वाटलं. पण मग फळीवरच्या त्या कव्हरचं काय करायचं? त्याने मनाशी म्हटलं, गुरुवारी ती खरं ऐकेलच, आणि मग जुनं खोटं आपोआप मिटून जाईल. चूक खोडून तिच्यावरच बरोबर उत्तर लिहावं, तसं.

---

स्टुडिओ तळघरात होता. नेव्हिल पोचला तेव्हा बाकीचे आलेले होते. ग्लेनने त्याला मिठी मारली, पण जरा घाईने. कीबोर्ड वाजवणारी लॉर्ना जमिनीवर बसून केळं खात होती.

"आलास का, नोकरदार माणसा?" ती म्हणाली. "मी मात्र नोकरी सोडून बसले. आता हे गाणं खाली पडलं तर मी थेट तुझ्या कारखान्यात. पडदे शिवता येतात मला."

"मॉरीन हाताखाली घेईल तुला. पण ती मारते."

संघटनेचा माणूस म्हणजे ट्रँटर नावाचे एक म्हातारे गृहस्थ होते. अंगात जुना पण नीट ब्रश केलेला कोट, हातात थर्मास. ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले, घड्याळ काढून गुडघ्यावर ठेवलं आणि म्हणाले, "चला पोरांनो. तुमचे तीन तास सुरू."

नेव्हिलने ढोलांची कातडी ताणून घेतली, झांजांची उंची नीट केली. पहिल्या वेळी त्याला फार भीती वाटली आणि वाजवणं फसलं. गाण्यातल्या त्या एकट्या जागेपाशी काय करायचं हेच त्याला कळेना. यंत्रासारखं वाजवायला गेला आणि हात अडखळला. दुसऱ्या वेळीही तेच झालं.

काचेपलीकडून ध्वनिमुद्रकाचा आवाज आला, "काही घाई नाही. आरामात."

नेव्हिलने काड्या मांडीवर ठेवल्या आणि डोळे मिटले. यंत्राचं वाजवणं त्याने मनातून काढून टाकलं. उरलं काय? पत्र्यात रिबिटा ठोकण्याचा कारखान्यातला ताल. गोदीकडून येणाऱ्या वाऱ्याने रात्रभर आपटणारं मागचं फाटक. चॅपलमध्ये भजन म्हणताना शेवटच्या ओळीला सगळ्या बायांची होणारी घाई, कारण घरी चुलीवर जेवण ठेवलेलं असायचं. त्याच्या ठोक्यात जी घाई होती ती तिथली होती. ती चूक होती की नाही, देव जाणे. पण ती त्याची होती.

तिसऱ्यांदा त्याने काड्या उचलल्या.

या वेळी सुरुवातीपासूनच काहीतरी वेगळं झालं. लॉर्नाने चमकून वर पाहिलं. रेकॉर्डच्या वेळी तिने यंत्राच्या मापाने वाजवलं होतं. आता ढोल तिच्यासाठी थांबत होता, तिला वाट देत होता, मग हात धरून पुढे नेत होता. ती हसली आणि तिचीही बोटं सुटली. ग्लेनचा आवाज मोठा झाला. ती एकटी जागा आली. सगळे थांबले. नेव्हिलने तिथे बादली घरंगळवली नाही. त्याने मोजके ठोके दिले, मध्ये एवढी पोकळी ठेवली की ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागावा, आणि अगदी शेवटच्या क्षणी तो सगळ्यांना घेऊन शेवटच्या कडव्यात कोसळला.

गाणं संपलं. झांजांचा नाद विरेपर्यंत कोणी हललं नाही.

ट्रँटरांच्या हातातला थर्मासचा पेला तसाच तोंडापाशी राहिला होता. "हं," ते म्हणाले. "हे बरीक छान झालं."

"झकास! झकास!" कॅरो टाळ्या वाजवत आत आला. "मिस्टर ट्रँटर, काम झालं की नाही? चला, कोपऱ्यावर सॉसेज फार छान मिळतात. आमच्याकडून."

म्हाताऱ्याने घड्याळ खिशात घातलं. नेव्हिलकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्याने कॅरोमागून तो जिना चढून गेला.

---

नेव्हिलला आपण काय वाजवलं ते ऐकायचं होतं. म्हणून तो काचेपलीकडच्या खोलीत गेला. तिथे ध्वनिमुद्रकाने नव्या टेपचं चक्र काढून बाजूला ठेवलं होतं आणि दुसरं एक चक्र खोक्यात घालून तो वर कार्यक्रमाचं नाव लिहीत होता. ते चक्र हिवाळ्यातलं होतं. खोक्याच्या कडेला पेलची सही होती.

"हे कुठे चाललं?" नेव्हिलने विचारलं.

ध्वनिमुद्रकाने ग्लेनकडे पाहिलं. ग्लेन भिंतीला टेकून उभा होता.

"नेव्ह," ग्लेन म्हणाला, "सगळेच करतात हे. म्हातारा जेवायला गेला की टेप बदलायची. त्यात विशेष काही नाही."

"मग आत्ता वाजवलं ते?"

"ते नियमापुरतं."

नेव्हिलने खोक्यावरची सही पुन्हा वाचली. ग्लेनलाच राहवेना. "तुला माहीत होतं ना? रेकॉर्डवर तू नाहीस ते?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"तू का नाही बोललास?"

ग्लेनने खाली पाहिलं. "धीर झाला नाही, लेका. वाटलं, तू विचारशील. तू विचारेनास. मग वाटलं, बरं झालं."

"आत्ताचं ऐकलंस तू?"

"ऐकलं."

"कसं होतं?"

"चांगलं होतं." ग्लेन भिंतीपासून पुढे आला. "नेव्ह, त्या रेकॉर्डपेक्षा चांगलं होतं. उगाच नाही म्हणत. पण लोकांनी दुकानातून आणलंय ते हे नव्हे. गुरुवारी टीव्हीवर वेगळंच वाजलं तर म्हणतील, हे आपलं गाणं नाही. पुढच्या मंगळवारी आपण चाळिसाच्या खाली. लॉर्नाने नोकरी सोडलीय. माझ्या बायकोला दिवस गेलेत. तूच सांग, काय करू?"

"मला का विचारतोस?"

"कारण म्हातारा कोपऱ्यावरच बसलाय," ग्लेन म्हणाला. "तू जाऊन एक शब्द बोललास की संपलं सगळं. कार्यक्रमातून नाव जाईल आपलं. मी अडवणार नाही तुला. तेवढा हक्क आहे तुझा."

नेव्हिलने कोट उचलला आणि जिना चढून तो बाहेर पडला.

कोपऱ्यावरच्या गुत्त्यात ट्रँटर एकटेच बसले होते. कॅरो मागच्या बाजूला कोणाशी तरी फोनवर ओरडत होता. म्हाताऱ्याने समोरची खुर्ची पायाने पुढे सरकवली. "बस. खाणार काही?"

"नको."

"माझे वडील सिनेमाच्या थिएटरात व्हायोलिन वाजवायचे," ट्रँटर सॉसेज कापता कापता म्हणाले. "मुका सिनेमा होता तेव्हा. सिनेमा बोलायला लागला आणि एका शनिवारी सगळ्या वाजवणाऱ्यांना घरी पाठवलं. घरी येऊन त्यांनी व्हायोलिन कपाटावर टाकलं. पुढे ते शाळेचे शिपाई झाले. हा नियम कशासाठी आला, ते तुम्हा पोरांना ठाऊक नसतं. कोणीतरी समोर बसून ऐकावं म्हणून आला तो. मी बसतो. ऐकतो."

"आणि मग तुम्हाला सॉसेज खायला आणतात."

"दर वेळी." म्हातारा हसला नाही. "कधी सॉसेज, कधी मासा. मला काय कळत नाही, पोरा? पण मी डोळ्यांनी पाहिलेलं नसतं, आणि कोणी मला सांगत नाही. सांगितलं की मला उठावं लागेल. मग मी मागे हटत नाही. तसा माझा लौकिक आहे." त्यांनी काटा-सुरी खाली ठेवली आणि दोन्ही हात टेबलावर जुळवले. "आज तू वाजवलंस ते मी ऐकलं. तुला काही सांगायचंय का मला?"

नेव्हिलने त्यांच्या हातांकडे पाहिलं. बोटांच्या सांध्यांना सूज होती. हे हातही कधीतरी काहीतरी वाजवत असणार. एक शब्द पुरे होता. तो शब्द त्याच्या जिभेवरच होता. कार्यक्रम रद्द झाला असता, गाणं पडलं असतं. पण जगात एका माणसाने तरी मोठ्याने म्हटलं असतं, की वाजवलं ते याने.

पण तेवढ्याने आईला ते ऐकू येणार नव्हतं. मिसेस पिकरिंगच्या घरी सगळी गल्ली जमली असती आणि त्यांच्या जागी दुसराच कुठला बँड दिसला असता. आणि लॉर्ना? ती काय, पडदे शिवणार?

"सॉसेज कसे आहेत?" नेव्हिलने विचारलं.

म्हाताऱ्याने जुळवलेले हात सोडवले. मग त्याने काटा उचलला. "करपलेत जरा," तो म्हणाला.

नेव्हिल परत खाली गेला, तो एवढंच विचारायला, की ती नवी टेप एकदा ऐकायला मिळेल का. ध्वनिमुद्रक चांगला माणूस होता. तो कावराबावरा झाला. टेपची चक्रं महाग, दुपारी दुसरा बँड यायचा होता. त्याने ती पुसून कोरी केली होती.

"आधी सांगायचंस ना," तो म्हणाला. "एक कॅसेट काढून दिली असती मी."

संध्याकाळी दिव्यांच्या झगमगाटात बँड उभा राहिला. झांजांवर रबराची वर्तुळं चढवली होती, ढोलांत घोंगड्या कोंबल्या होत्या, म्हणजे काडी पडली तरी आवाज होऊ नये. वरून यंत्राचे ठोके सुरू झाले आणि नेव्हिलने त्यांच्यावर हात हलवले. "ड्रमवाले," चित्रण चालवणारी बाई मधेच म्हणाली, "जरा हसाल का? तुमच्या बँडला यश मिळालंय हो!"

तो हसला.

---

गुरुवारी संध्याकाळी मिसेस पिकरिंगच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं जिन्याच्या पायऱ्यांवर बसली होती. नेव्हिल दुपारच्याच गाडीने परतला होता आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. वेदर क्लार्क्सचं नाव आलं तसा एकच गिल्ला झाला.

"अग्गो बाई, लाल शर्ट! हा मी इस्त्री केला होता!" आयव्ही म्हणाली. मग तिला आपला शब्द आठवला. रंगीत टीव्हीच्या अगदी पुढ्यात, सगळ्या गल्लीदेखत, तिने डोळे मिटले.

नेव्हिलला गाणं ऐकू आलंच नाही. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. चॅपलमध्ये बसावी तशी ती बसली होती, हात मांडीवर ठेवून, मान किंचित कलती. ती एकटी जागा आली आणि गेली. तिच्या भुवया वर झाल्या, ओठ हलले. मनातल्या मनात ती मोजत होती.

गाणं संपलं. टाळ्या, शिट्ट्या. "अगं आयव्ही, झोपलीस की काय?" पिकरिंगबाईने विचारलं.

आयव्हीने डोळे उघडले. ते पाणावले होते. गर्दीतून वाट काढत ती दारापाशी आली आणि तिने मुलाचे दोन्ही हात हातात घेतले.

"ऐकलं रे बाळा," ती म्हणाली. "सगळं ऐकलं. किती सरळ! कुठे म्हणून चुकलं नाही. वर माळ्यावर आपटायचास तेव्हा वाटायचं, याला काही जमायचं नाही, मधेच पळतो हा. आज एकदाही पळाला नाहीस."

"हो आई," नेव्हिल म्हणाला. "एकदाही नाही."

---

गाणं सातव्या नंबरपर्यंत चढलं. त्यानंतरचं गाणं तिसाच्या आसपास घुटमळलं. तिसऱ्या गाण्याच्या वेळी ग्लेन स्वतः हल शहरात आला. यंत्र आता मंचावरही नेता येतं, हे त्याने हातातली टोपी फिरवत फिरवत सांगितलं. नेव्हिलने त्याला चहा करून दिला. वर्ष-दीड वर्षात वेदर क्लार्क्स मोडला. लॉर्ना संगीताची शिक्षिका झाली. नेव्हिल कारखान्यात होताच. त्याने नोकरी कधी सोडलीच नव्हती. पुढे स्टॅन निवृत्त झाला आणि त्याची फोरमनची जागा नेव्हिलला मिळाली. रेडिओवर ते गाणं लागलं की नवी पोरं त्याच्याकडे बघायची, आणि तो म्हणायचा, "बघता काय? खिडक्या बसवा."

मॉरीनच्या मुलीचं लग्न झालं ते मच्छीमारांच्या क्लबात. टेबलांवर कागदाच्या झिरमिळ्या लावल्या होत्या आणि मंचावर रेकॉर्डी लावायला एक भाड्याचा माणूस आणला होता. जेवणं उरकत आली तेव्हा त्याने ते गाणं लावलं. त्याला कोणीतरी सांगितलं असणार. सगळी माणसं एकदम मागे वळली.

"नेव्हिल! नेव्हिल!" मॉरीनने टेबल बडवलं. तिचे केस आता पांढरे झाले होते, पण हात तोच होता. "चल वर! चमचे दे रे त्याला कोणीतरी! ताटं दे!"

कोणी दोन चमचे पुढे केले. नेव्हिलने ते घेतले आणि नीट ताटाशेजारी ठेवून दिले.

ढोल वाजवणारा माणूस जन्मभर सगळ्यांच्या मागे बसतो. लोक नाचतात ते तो बघतो. स्वतः नाचायला त्याला कधी मिळत नाही. नेव्हिल उठला. आयव्ही भिंतीकडेच्या खुर्चीत शाल पांघरून बसली होती. तो तिच्यासमोर जाऊन जरासा वाकला.

"अरे, माझे गुडघे!" ती म्हणाली.

"हळूच."

"आणि तुला वाजवायला बोलावतायत ना सगळे?"

"आज मला नाचू दे, आई."

तो तिला मध्यभागी घेऊन आला. गर्दी बाजूला सरली. ते गाणं नाचायला फार सोपं होतं. कुठे अडकायचं नाही, कुठे वाट बघायची नाही. आयव्हीने डोकं त्याच्या छातीला टेकलं आणि ती पाय उचलू लागली. गाण्यात ती जागा आली, ढोल एकटाच घरंगळला, आणि साऱ्या हॉलने टेबलं बडवून त्याला साथ दिली. नेव्हिलचे हात आईच्या पाठीवर होते. दोन्ही तळवे उघडे, आणि अगदी स्थिर.